सोनेरी, गुलाबी आणि काळं लग्न

रत्नागिरीत माझं छपाईचं आणि डिझाइनचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बाहेर एक बाकडं आणि त्या बाकड्यावर कायम कोणीतरी बसलेलं. मिरकरवाड्यातल्या बर्फवाल्यांची बिलबुकं, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स आणि लग्नपत्रिका, यावर माझं चालतं. मी मुंबईत जाऊन हे रीतसर शिकलो. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी बसतो, किती बसतो, यावर आम्हाला एक अख्खं वर्ष शिकवलं होतं. इथं आल्यावर ते सगळं शिक्षण गिऱ्हाइकांच्या एका वाक्यात बुडालं. ते वाक्य म्हणजे, "जरा उठावदार करा." उठावदार म्हणजे लाल, पिवळा, निळा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि अक्षरांना पांढरी कड. एवढं करूनही गिऱ्हाईक दोन पावलं मागं जाऊन बघतं आणि म्हणतं, "अजून थोडं."

म्हणून माझ्या मामेबहिणीचा पुण्याहून फोन आला आणि ती म्हणाली, "दादा, मला लग्नासाठी कलर पॅलेट हवंय," तेव्हा मला भरून आलं. पॅलेट हा शब्द माझ्या दुकानात तोपर्यंत कोणी उच्चारला नव्हता.

"कुठले रंग?" मी विचारलं.

"गोल्ड, रोझ आणि ब्लॅक."

"ब्लॅक?"

"बेस ब्लॅक. रोझ मधेमधे. गोल्ड फक्त चमकायला. पत्रिका, स्टेज, फुलं, पाहुण्यांचे कपडे, सगळं त्यातच."

ती पुण्यात एका कंपनीत नोकरी करते. तिने फोनवर कुठल्याशा राजवाड्यातलं लग्न पाहिलं होतं. आपल्या बापाचा पावसला राजवाडा नसून आंब्याची कलमं आहेत, हे तिला माहीत होतं, पण तिच्या मते रंगांना काय राजवाडा लागत नाही. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा काहीही पटलं असतं.

मामाला सांगायचं काम माझ्यावर आलं. मामा आंब्याच्या पेट्या भरून घेत होता. झाडांशी हळू बोलायचं आणि माणसांशी मोठ्याने, ही त्याची पद्धत.

"काळं?" तो ओरडला. "लग्नात?"

"काळं फक्त बेसला आहे मामा."

"बेसला म्हणजे खाली?"

"म्हणजे... सगळीकडे."

मामाने हातातला आंबा पेंढ्यात ठेवला. "अरे, नजर लागू नये म्हणून पोराच्या गालावर एवढीशी तीट लावतात. ही बया अख्ख्या हॉलला तीट लावायला निघालीय."

मामी आतून म्हणाली, "सासरच्या माणसांना काय सांगायचं?" आणि मग माझ्याकडे बघून, "तू शिकलेला आहेस ना? मग तिला समजाव." मी शिकलो होतो ते नेमकं उलटं होतं, हे मी मामीला सांगितलं नाही.

सासरची माणसं वेळणेश्वरची. मुलाचे वडील जन्मभर जहाजावर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी घरात बोलताना ते समोरच्या माणसाला डेकवर उभा असल्यासारखं बोलतात. बैठकीला ते आले, चहा घेतला आणि म्हणाले, "काळा रंग चालणार नाही. विषय संपला."

मामेबहीण पुण्याहून मुद्दाम आली होती. ती होणाऱ्या सासऱ्यांना शांतपणे म्हणाली, "बाबा, मंगळसूत्र कुठल्या रंगाचं असतं?"

"ते वेगळं. ते बायकांचं असतं."

"आणि लग्न?"

यावर भटजींना फोन लावण्यात आला. भटजी आमच्याकडचे जुने. स्पीकरवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुहूर्ताला वधूवरांच्या अंगावर काळं नको. बाकी पडदे कुठल्या रंगाचे असावेत याबद्दल शास्त्र काही बोलत नाही. तेव्हा हॉलच नव्हते."

"म्हणजे चालेल?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"मी चालेल म्हटलं नाही. शास्त्र काही बोलत नाही, एवढंच म्हटलं."

आमच्याकडे जे शास्त्र बोलत नाही ते आपोआप चालतं. मुहूर्ताला पिवळं नेसायचं, आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला काळं, सोनेरी, गुलाबी जे काय घालायचं ते घालायचं, असं ठरलं. मुलाच्या वडिलांनी जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "माझा जहाजावरचा काळा कोट आहे, सोनेरी बटणांचा. तो चालेल का?" मी म्हटलं, थीममध्ये बसतो. ते खूश होऊन गेले. तिथून पुढे त्यांच्या बाजूने विरोध झाला नाही.

मग पत्रिका. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात देखणी पत्रिका होती, हे मी आजही म्हणेन. जाड काळा कागद, त्यावर गुलाबी झाक असलेल्या सोनेरी फॉइलची बारीक अक्षरं, कोपऱ्यात एकच गुलाब, रेषांचा. फॉइलचं काम इथं होत नाही म्हणून मी ते कोल्हापूरहून करून आणलं. खोका उघडला तेव्हा बाकड्यावर बसलेला माणूससुद्धा उठून बघायला आला. "छान आहे," तो म्हणाला. "कोणाचं दुकान उघडतंय?"

मामीने पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायला घेतलं. काळ्यावर कुंकू दिसेना आणि हळद लागली की चिखलाचा डाग पडल्यासारखं होई. चार पत्रिका लावून झाल्यावर तिने तबक बाजूला सारलं आणि डोळ्यांना पदर लावला. मामाने मला फोन केला. शेवटी देवांसाठी आणि वयाने मोठ्या माणसांसाठी निराळी पत्रिका छापली, लाल आणि पिवळी, वर गणपती, हिरवी अक्षरं, पांढरी कड. ती मी अर्ध्या तासात केली. गावात सगळ्यांनी तिचंच कौतुक केलं.

पण पत्रिका वाटताना घोळ झालाच. मामाचा एक लांबचा चुलतभाऊ आत लांज्याकडे शेती करतो. त्याच्याकडे लाल पत्रिका जायची ती काळी गेली. त्याला जवळचं वाचता येत नाही, चष्मा सापडेना. काळा कागद हातात आल्यावर त्याने तो अंगणातच ठेवला, विहिरीवर जाऊन डोक्यावरून अंघोळ केली, घरातल्या सगळ्यांना करायला लावली, आणि मग मामाला फोन करून अगदी खालच्या आवाजात विचारलं, "कधी झालं?"

"पंचवीसला आहे," मामा म्हणाला.

"पंचवीसला आहे म्हणजे? अजून व्हायचंय?"

"होय तर. तयारी चालू आहे. तुम्ही सगळ्यांनी यायचं."

शेवटी त्याच्या बायकोने चष्मा शोधून पत्रिका वाचली तेव्हा उलगडा झाला. मामाने ही हकिकत मला सांगितली तेव्हा तो हसत होता, पण हसता हसता मला शिव्याही देत होता.

मग मामेबहिणीने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ड्रेस कोड टाकला. रिसेप्शनला ब्लॅक, गोल्ड किंवा रोझ. खाली मी तीन रंगांचे चौकोन टाकले. रोझ म्हणजे नक्की कुठला, यावर चर्चा पेटली. माझा चौकोन प्रत्येकाच्या फोनवर निराळा दिसत होता. कोणाला तो विटकरी वाटला, कोणाला कांद्याच्या सालीचा, एका मामेमावशीला मोरावळ्याचा. राणी कलर चालेल का, अबोली चालेल का, साडी जांभळी आहे पण पदर गुलाबी आहे, चालेल का. मी सगळ्यांना चालेल म्हणत सुटलो. पॅलेटचा पहिला नियम म्हणजे नाही म्हणता येणं. तो मी तिथेच मोडला.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. मामाची ही मोठी बहीण, म्हणजे नवरीची आत्या. सरकारी कचेरीत टायपिस्ट होती, आता निवृत्त आहे, रत्नागिरीतच दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. बोलायला तिखट. कचेरीत मोठमोठे साहेब तिच्याकडून पत्र टाइप करून घेताना आधी शुद्धलेखन दोनदा तपासून आणत. तिचे यजमान ती पस्तिशीची असताना गेले. मूलबाळ नाही. तेव्हापासून ती बिस्किटी, राखाडी आणि फिक्या निळ्या रंगाच्या साड्या नेसते. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. फक्त घरातल्या प्रत्येक लग्नात, मुंजीत, कोठीची किल्ली मावशीकडे असते. साखर, तूप, नारळ, विड्याची पानं, आहेराच्या साड्या, सगळं तिच्या ताब्यात. "तिच्यासारखी व्यवस्था कोणाला जमत नाही," असं सगळे कौतुकाने म्हणतात. कोठी नेहमी हॉलच्या मागच्या बाजूला असते, आणि तिथून स्टेज दिसत नाही.

ड्रेस कोड टाकल्यावर दोनेक दिवसांनी मावशी दुकानात आली. बाकड्यावरच्या माणसाला उठवून स्वतः बसली. पिशवीतून एक जुन्या धोतरात गुंडाळलेली घडी काढली.

"हे तुझ्या त्या चौकोनांमध्ये बसतंय का बघ," ती म्हणाली.

चंद्रकळा होती. दाट काळी, गुलाबी काठ, आणि अंगभर बारीक सोनेरी बुट्ट्या. घडीतून वेखंडाचा वास येत होता. मी ती काउंटरवर पसरली आणि बघतच राहिलो. काळ्यावर गुलाबी किती असावं आणि सोनेरी किती, यासाठी मी महिनाभर स्क्रीनवर डोळे फोडले होते. ते सगळं तिथं विणून ठेवलेलं होतं.

"कधीची गं ही?"

"लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची. ह्यांनी मुंबईहून आणली होती. दुकानदाराने दहा दाखवल्या आणि त्यांनी शेवटी हीच का निवडली, ते काय मला कळलं नाही. त्यांना रंगातलं काही कळत नसे. निळी पँट आणि तपकिरी शर्ट घालून ऑफिसला जायचे." ती हसली. "संक्रांतीला नेसायची साडी ही. हळदीकुंकवाला. मग ते गेल्यावर मला हळदीकुंकवाला कोण बोलावणार? म्हणून राहिली ट्रंकेत. दर वर्षी ऊन दाखवते आणि परत ठेवते."

मी म्हटलं, "अगदी थीममध्ये आहे."

"ते मला दिसतंय. मी विचारतेय, चालेल का?"

"ड्रेस कोड आहे मावशी. सगळ्यांनीच काळं घालायचंय."

"तेच म्हणते मी. सगळेच घालणार असतील तर माझ्याकडे कोण बघतंय?" आणि घडी पुन्हा धोतरात गुंडाळून ती निघून गेली.

लग्न मेच्या शेवटाला होतं, कारण आंबा उतरल्याशिवाय मामा झाडाखालून हलत नाही. त्या उन्हात हॉलच्या भिंती वरपासून खालपर्यंत काळ्या कापडाने मढवल्या होत्या. मंडपवाला आदल्या दिवशी मला म्हणाला होता, "साहेब, एवढं काळं कापड माझ्याकडे निषेध सभेला पण लागत नाही." काळ्या कापडाने उष्णता धरून ठेवली. सकाळी आत शिरल्याबरोबर फणस पिकत घातलेल्या खोलीत आल्यासारखं वाटलं. गुलाबाची फुलं घाट उतरून आली तोवर कडेने काळी पडली होती. मामेबहिणीला मी सांगितलं की पॅलेटच्या दृष्टीने ते बरंच झालं. ती हसली नाही.

स्टेजमागचा फ्लेक्स हे माझं स्वतःचं दुःख. फॉइलचं सोनं फ्लेक्सवर छापता येत नाही, हे मला माहीत असूनही हौसेला मोल नसतं म्हणून मी छापलं होतं. त्याचा रंग वरणासारखा आला. वधूवरांची नावं वरणाने लिहिल्यासारखी दिसत होती. त्यात कोणा उत्साही माणसाने पूजेचे नारळ सोनेरी स्प्रेने रंगवून ठेवले होते. भटजींनी एक हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "हा रॉकेलचा नारळ कोणी आणला?" मावशीने कोठीतून साधे नारळ पाठवले. अक्षतांनाही सोनेरी चमकी लावली होती. मंगलाष्टकं संपली तेव्हा पहिल्या दोन रांगांतली टक्कल असलेली सगळी मंडळी झगमगत होती, आणि ती चमकी दोनचार दिवस तरी निघाली नाही असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं.

तरी मुहूर्त नीट लागला. पिवळी नेसलेली आमची बहीण छान दिसत होती. अंतरपाट दूर झाला तेव्हा मामा रुमालाने घाम पुसत होता, घामच की नाही ते सांगता येत नाही.

संध्याकाळी रिसेप्शन. ड्रेस कोडचा खरा निकाल तेव्हा लागला. मुलाचे वडील सोनेरी बटणांच्या कोटात आले आणि दारात उभं राहून असं स्वागत करू लागले की पाहुण्यांना आपण बोटीवर चढतोय असं वाटावं. लांज्याचा एक भाचा वकील आहे, तो थेट कोर्टातला काळा कोट घालून आला. त्याच्याभोवती तीन नातेवाईक जमले आणि हिश्श्याच्या जमिनीचं बोलणं काढून बसले, त्याला जेवायला सुटका मिळाली नाही. एका काकांनी रोझचा अर्थ सरळ घेतला होता. नेहमीच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात गुलाबाचं फूल, बस. आणि चंद्रकळा नेसून दहाबारा बायका आल्या होत्या, त्यांच्यातल्या एकीने दुसरीला "तिळगूळ घ्या" म्हटलं आणि तो विनोद रात्रीपर्यंत हॉलभर फिरत राहिला.

मावशीला मी पाहिलं नव्हतं. ती कोठीत होती.

वधूवरांच्या प्रवेशासाठी मामेबहिणीने खास योजना केली होती. दोघं काळ्या सोनेरी पोशाखात दारातून येणार, दारात औक्षण, वरून गुलाबाच्या पाकळ्या. फोटोग्राफर पुण्याहून आणला होता. दाढीवाला, काळा टी-शर्ट, कपाळाला आठी. ओवाळायला मामी आणि तीन सुवासिनी उभ्या होत्या. मामीचा शालू हिरवा होता आणि तो बदलायला तिने साफ नकार दिला होता. बाकीच्या तिघी मोरपिशी, चटणी आणि हळदी रंगात.

फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून बघितलं आणि डोक्यावर हात मारला. "काकू, फ्रेम मरतेय! एवढं डार्क बॅकग्राउंड, कपल ब्लॅकमध्ये, आणि तुम्ही चौघी भाजी मार्केट झालाय! थीममधलं कोणी नाही का?"

नेमकी त्याच वेळी मावशी मागच्या दारातून आली. तबकात ठेवायला साखरेची वाटी घेऊन. काळी चंद्रकळा, गुलाबी काठ, अंबाड्यात काही नाही, कपाळावर काही नाही. उन्हाळ्याच्या त्या घामट हॉलमध्ये ती इतकी नीटस दिसत होती की मी तिला आधी ओळखलंच नाही.

"ह्या!" फोटोग्राफर ओरडला. "मॅडम, तुम्ही या. पुढे या. तबक घ्या हातात."

मावशी जागेवर थांबली. "मी नाही हो. मी कोठीत असते."

"दोन मिनिटं फक्त. तुम्ही परफेक्ट आहात."

मामीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मोरपिशी बाईने मामीकडे पाहिलं. सगळ्यांना सगळं कळत होतं, आणि आमच्या घरात असलं काही मानत नाहीत असं सगळ्यांनीच आयुष्यभर सांगितलेलं असल्यामुळे आता कोणाला काही बोलता येईना. कळत नव्हतं ते एकट्या फोटोग्राफरला. तो लेन्स पुसत उभा होता.

"आत्या, ये ना," नवरी म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता, पण तिने नवऱ्याचा हात घट्ट धरल्याचं मला दिसलं.

मावशीने मामाकडे पाहिलं. लहान भाऊ तो तिचा. मामा क्षणभर काळ्या पडद्याकडे बघत राहिला. मग मोठ्याने म्हणाला, "अगो ये की! पुण्याहून आणलाय तो माणूस. इथं उभा राहून त्याची बॅटरी संपायची."

मावशी पुढे आली. मामीने तबक तिच्या हातात दिलं. देताना मामीचं तोंड अजून तसंच होतं, पण हात पुढे झाला, एवढं मी तिच्या बाजूने सांगतो.

मावशीने वधूच्या कपाळाला कुंकू लावलं, वराला लावलं, ओवाळायला तबक फिरवलं, आणि तेवढ्यात कोपऱ्यातला मोठा पंखा वळला आणि निरांजन विझलं.

हळदी रंगाची बाई "अगं बाई" म्हणाली.

"कट!" फोटोग्राफर म्हणाला. "पंखा बंद करा कोणीतरी. मॅडम, पुन्हा. आणि जरा हसा."

पंखा बंद झाला. वात पुन्हा लावली. मावशीने पुन्हा ओवाळलं. मग फोकस चुकला म्हणून पुन्हा. मग पाकळ्या लवकर पडल्या म्हणून पुन्हा. मग स्लो मोशनसाठी पुन्हा. इतक्या वर्षांत जिने तबकाला हात लावला नव्हता तिच्याकडून त्या माणसाने तिथल्या तिथे सगळी थकबाकी भरून घेतली. शेवटी शेवटी तर मावशी त्याच्यावर खेकसली, "आता ही शेवटची हं, माझा खांदा दुखतोय," आणि तेव्हा सगळे हसले. ती पण हसली. तोच फोटो आला.

नवऱ्या मुलाने ताटात ओवाळणी टाकली आणि वाकून नमस्कार केला. मुलाच्या वडिलांकडे सगळे चोरून बघत होते. त्यांनी कोटाची बटणं सारखी केली आणि म्हणाले, "थीमचं आहे ना? मग बरोबर आहे." शास्त्र जिथं बोलत नव्हतं तिथं थीम बोलली, आणि शास्त्रापेक्षा थीमचा मान मोठा निघाला.

नंतर मी मावशीला शोधत कोठीत गेलो. ती साखरेच्या पोत्यावर बसली होती आणि बुट्ट्यांवर सांडलेलं कुंकू बोटाने झटकत होती.

"डाग पडला का गं?"

"पडला असेल." तिने पदर उजेडाकडे धरला. "काळ्यावर दिसत नाही. बरं असतं काळं."

एवढं बोलून तिने मला नारळांची रास मोजायला लावली असती, पण मी पळालो.

फोटो आले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. काळ्या पडद्यासमोर काळे कोट घातलेली माणसं दिसतच नव्हती. मुलाचे वडील म्हणजे हवेत तरंगणारी एक रांग सोनेरी बटणं आणि वर एक कडक चेहरा. वकिलाची नुसती मुंडी आणि हातात ताट. मामेबहिणीने तो अल्बम पुण्याच्या मैत्रिणींना दाखवला नाही. फक्त मावशीचा फोटो तिने मोठा करून घेतला. गुलाबी काठ, हातातल्या निरांजनाचा उजेड तोंडावर, आणि खांदा दुखतोय म्हणून वैतागलेलं हसू. मावशीने तो व्हॉट्सअॅपवर लावला आहे. कचेरीतल्या जुन्या साहेबांचे तिला मेसेज आले, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तिने कळवल्या.

गावात या प्रकाराचं श्रेय घेणारे बरेच निघाले. मामी सांगते, "मी वन्सांना बोलावणारच होते, तेवढ्यात तो बोलला." मोरपिशी बाई सांगते की तबक तिने दिलं. मामा काही सांगत नाही. माझ्या दुकानात मात्र रांग लागली. पार्लरवालीला काळं सोनेरी गुलाबी हवं. दातांच्या डॉक्टरांना हवं. चिकन सेंटरवाल्याला हवं, त्यात गुलाबीच्या जागी गाजरी केलं तर चालेल का, असं त्याने विचारलं. एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याने वाढदिवसाचा फ्लेक्स काळ्यात मागितला. साहेबांनी तो लागलेला पाहिला आणि भरचौकात उतरवायला लावला, त्यांना तो श्रद्धांजलीचा वाटला. मी सगळ्यांना सांगतो की फ्लेक्सवर सोनं येत नाही, वरण येतं. कोणी ऐकत नाही.

यंदा मामाच्या मुलाचं लग्न आहे. होणारी सून पनवेलची, तिचं पॅलेट निराळं आहे. परवा मामीने मावशीला फोन केला तेव्हा मी तिथंच होतो.

"वन्सं," मामी म्हणाली, "ह्या वेळी कलर सेज ग्रीन आहे. तुम्ही वेळेवर साडी घेऊन ठेवा बाई. ओवाळायला तुम्हालाच उभं राहायचंय. मागाहून तो फोटोवाला ओरडायला नको."

मावशी लगेच मला घेऊन बाजारात गेली. सेज म्हणजे काय, हे दुकानदाराला माहीत नव्हतं. शेवाळी, पोपटी, पिस्ता, मेंदी, सगळं गादीवर आलं. मावशीने माझ्या फोनवरचा चौकोन एकेका साडीला लावून बघितला आणि एकेक बाजूला सारली. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मावशी, फिकंच हवंय ना? मग ही राखाडी बघा, तुम्हाला शोभेल."

"राखाडी माझ्याकडे कपाटभर आहेत," मावशी म्हणाली. "तो वरचा गठ्ठा काढा. तो नाही, त्याच्या बाजूचा. जरीचा."